सिप्रियनच्या खिडकीखालचं लोखंड

या मित्रांनो, जरा पुढे सरकून बसा. मागे उभं राहिलात तर ऐकू यायचं नाही, माझा आवाज आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. गोष्ट एका खिडकीची आहे, खिडकीच्या आत खाटेवर पडलेल्या एका म्हाताऱ्याची आहे आणि त्याच्या बायकोची आहे. रागाची आहे, हेही आधीच सांगून ठेवतो. तीन वर्षं झाली, तो राग अजून माझ्या अंगातून उतरलेला नाही.

मी एक जुना ब्रेक ड्रम आहे. बर्मिंगहॅमच्या एका ओतशाळेत वाळूच्या साच्यात वितळलेलं लोखंड ओतलं आणि मी थंड होऊन बाहेर पडलो. तिथून मला लंडनला आणून एका काळ्या टॅक्सीच्या मागच्या चाकात बसवलं. नऊ वर्षं मी फिरलो. ड्रायव्हरने पाय दाबला की मला आतून घासा बसायचा, मी तापायचो आणि गाडी थांबायची. लोक गाडीच्या रंगाचं कौतुक करत, गाद्यांचं करत. चाकाच्या आत कोण भाजून निघतंय हे कुणी विचारलं नाही. घासून घासून पातळ झालो तेव्हा मला काढून गॅरेजच्या मागच्या भंगारात फेकलं. तिथे दोन हिवाळे उघड्यावर काढले. अंगावर गंजाचे पापुद्रे धरले.

त्या गॅरेजात सिप्रियन अ‍ॅलेन नावाचा मेकॅनिक होता. त्रिनिदादहून बोटीने आलेला, उंच, हाडकुळा. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो हातात पाना घेऊन भंगारात शिरला आणि एकेका ड्रमला ठोकून बघू लागला. ठोकायचा, कान द्यायचा, बाजूला फेकायचा. तडा गेलेला ड्रम बद्द वाजतो. तसे पन्नासेक बद्द निघाल्यावर तो माझ्यापाशी आला. त्याने पाना मारला आणि मी वाजलो. मित्रांनो, मला वाजता येतं हे मलाच ठाऊक नव्हतं! माझा आवाज पार विरेपर्यंत तो डोळे मिटून उभा राहिला. मग म्हणाला, "काय रे बाबा, तू इथे काय करत बसलायस? चल घरी."

तेव्हापासून मी ब्लू बेसिन स्टील बँडचं लोखंड झालो. आमच्या लोकांत मला लोखंडच म्हणतात. तेलाच्या पिंपांचे तळ ठोकून, खोलगट करून त्यांतून सूर काढतात, त्या वाद्याला पॅन म्हणतात. चाकं लावलेल्या लोखंडी गाड्यांवर असे शंभर पॅन चढवून, हातांनी ढकलत आमचा बँड रस्त्याने निघतो. शंभर पॅन एकदम वाजायला लागले की पुढच्याला मागच्याचं ऐकू येत नाही. सगळ्यांना ऐकू येतो तो एकटा मी. माझ्यावर सळई पडते, टंग-टका-टंग, आणि शंभर जणांचे हात त्यावर चालतात. सूर माझ्याकडे एकच आहे. पण मी थांबलो की सगळा बँड भाजीबाजार होतो.

पंचवीस वर्षं सिप्रियनने मला वाजवलं. मग एका ऑगस्टात, लंडनच्या रस्त्यांवर निघणाऱ्या कार्निव्हलच्या मिरवणुकीत, सोमवारी भर रस्त्यात त्याचा उजवा खांदा धरला. हात वर होईना. त्याची बायको व्हर्ना डब्यातून पिलाव आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन शेजारून चालत होती. सिप्रियनने सळई तिच्या हातात दिली.

पॅनवाल्या पुरुषांनी गलका केला. "अरे सिप्रियन, डोकं फिरलं काय तुझं? बाईमाणसाच्या हातात लोखंड? चर्चमधली बाई ती, भजनं म्हणणारी!"

"म्हणूनच देतोय," सिप्रियन म्हणाला. "रविवारी चर्चमध्ये तिच्या पायाकडे बघितलंयत कधी? नाही बघितलंत. तुम्ही झोपलेले असता."

खरं होतं ते. व्हर्नाचं चर्च एका घराच्या तळघरात भरे. तिथले पास्टर ग्रीनिज उपदेश बोलत नसत, गात. सुरुवात साध्या बोलण्यात होई, मग शब्दांना हळूहळू चाल लागे, आवाज चढत जाई, आणि मग ते एक ओळ म्हणत आणि खाली बसलेली सभा ती उचलून धरी. "कोण थांबलंय नदीकाठी?" पास्टर विचारत. "मी थांबलेय, प्रभू!" सभा म्हणे. एकदा चर्चची घंटा चोरीला गेली होती, तेव्हा सहा महिने तिच्या जागी मी टांगलेला होतो, म्हणून हे सुख मी जवळून भोगलं आहे. माझ्या ओबडधोबड अंगावर देवाचं नाव इतक्या वेळा आदळलं की गंजसुद्धा भाविक झाला असेल. त्या गाण्यात व्हर्नाचा डावा पाय फरशीवर पडत असे. तो पाय कधी चुकला नाही.

व्हर्नाने त्या सोमवारी मला वाजवलं आणि पुढे सव्वीस वर्षं वाजवलं. गलका करणारे पुरुष म्हातारे झाले, काही गेले. नव्या पोरी आल्या. त्या तिला टँटी म्हणत, म्हणजे आत्या, मावशी, जे समजाल ते. सिप्रियन शेजारून चाले. पुढे त्याची छाती भरायला लागली तेव्हा तो चालेनासा झाला, आणि शेवटी फर्न्ली रोडवरच्या आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात खाटेला खिळला. खाट खिडकीपाशी ओढून घेतलेली होती. दर ऑगस्टात रविवारी आणि सोमवारी आमचा बँड त्या खिडकीखालून जाई. त्याला उठून बघता येत नसे, पण लोखंड ऐकू आलं की तो खिडकीतून एक पांढरा टॉवेल बाहेर काढून हलवी. टॉवेल दिसला की बँड ओरडून उठे.

आता रागाचं सांगतो.

आमच्या कार्निव्हलमध्ये एक रीत होती. मोठमोठे ध्वनिक्षेपक रचलेले ट्रक तेव्हाही होते. माणसाच्या छातीत धडधड भरणारा त्यांचा आवाज. पण हातांनी वाजवणारा बँड जवळ आला की ट्रकवाला स्वतःहून आवाज खाली घ्यायचा, टोपी काढायचा आणि बँड पुढे जाईपर्यंत गप्प राहायचा. हे कुणी शिकवलं नव्हतं. वडीलधारं माणूस दारातून जाताना पाय आवरून घेतात ना, तसं होतं.

तीन वर्षांपूर्वी कार्निव्हल भरवणाऱ्या कार्यालयाने सगळ्या बँडांच्या प्रमुखांकडून एका कागदावर सह्या घेतल्या. कोण कुणाच्या मागे चालणार, किती वाजता कुठे पोचायचं, आवाज किती असायचा, सगळं त्यात होतं. आवाजाला आकडा होता. रीत मात्र नव्हती. आमचा प्रमुख फिट्झरॉय नोएल. चांगला माणूस, पॅनला सूर लावण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. त्याने कागद वाचला आणि सही केली. रीत लिहून घ्यावी हे त्याच्या मनातच आलं नाही. असल्या गोष्टी कुणी कागदावर लिहितं का? आपल्या घरात आईला आई म्हणायचं हे कुणी लिहून ठेवतं का? त्याची चूक एवढीच. पण एका सहीने पन्नास वर्षांची रीत नाहीशी झाली, आणि त्याला ते कळलंसुद्धा नाही.

रविवारी आमच्या पाठोपाठ एका सरबताच्या कंपनीचा ट्रक लागला. दुमजली ध्वनिक्षेपक, वर रंगीत छत्री, छत्रीखाली गाणी लावणारा चॅड नावाचा तरुण. फर्न्ली रोडला वळेपर्यंत तो आमच्या मानगुटीवर बसला होता. त्याने आवाज कमी केला नाही. आमचे मागचे पॅन पुढच्यांपासून सुटले, मधले कुणाला धरावं ते कळेना म्हणून थांबले. व्हर्ना माझ्यावर सळई मारत होती, घामाने निथळत होती, आणि मी वाजतोय हे माझं मलाही ऐकू येत नव्हतं. खिडकीखालून आम्ही गेलो. मी वर बघत होतो. टॉवेल आला नाही.

संध्याकाळी व्हर्ना मला घेऊन जिना चढली. शेजारीण यूलाली दिवसभर सिप्रियनजवळ बसलेली होती. खाटेवरून सिप्रियनने मान वळवली.

"काय गं, आज निघालाच नाहीत?"

व्हर्नाने मला कोपऱ्यात ठेवलं.

"पाऊसबिऊस होता का? मी तीन वाजल्यापासून कान लावून बसलोय. हा टॉवेल बघ, यूलालीने धुऊन दिलाय. नुसती मागची धडधड ऐकली. खिडकीची काच हलत होती. मला वाटलं, तुम्ही रद्द केलंत की काय."

"निघालो होतो," व्हर्ना म्हणाली.

"मग?"

"उद्या ऐक. उद्या ऐकवते."

"उद्याच ऐकव बाई," सिप्रियन हसून म्हणाला, आणि हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली. "पुढच्या ऑगस्टाचं मी काही नक्की सांगत नाही. वरून बोलावणं आलंय, मीच कपडे घालायला वेळ लावतोय."

यूलाली स्वयंपाकघरात गेली आणि तिने नळ सोडला. तिला रडताना आवाज नको होता.

सोमवारी सकाळी बँड जमला तेव्हा व्हर्ना फिट्झरॉयपुढे जाऊन उभी राहिली.

"फिट्झ, ट्रकवाल्याला सांग."

"टँटी, मी कार्यालयात विचारलं. ते म्हणतात, कागदात नाही."

"कागद तू वाचला होतास ना?"

"वाचला होता."

"चष्मा लावून?"

पॅनवाल्या पोरी हसल्या. फिट्झरॉय मात्र हसला नाही. तो खाली बघत राहिला.

मग व्हर्ना ट्रकपाशी गेली. चॅडला तिने नीट, हात जोडल्यासारखं सांगितलं, "बाळा, फर्न्ली रोडवर दोन मिनिटं आवाज खाली घे. माझा नवरा आजारी आहे, त्याला लोखंड ऐकायचंय."

चॅडने कानावरचं यंत्र अर्धं सरकवलं. "आंटी, हा कार्निव्हल आहे, हॉस्पिटल नाही. त्रास होत असेल तर कापूस घाला कानात."

तिथे आवाज मोजणारा एक माणूस उभा होता, हातात छोटं यंत्र घेऊन. व्हर्नाने त्याच्याकडे बघितलं. त्याने यंत्रावरचा आकडा तिला दाखवला. "मर्यादेच्या आत आहे, मॅडम."

मर्यादेच्या आत! मित्रांनो, लोखंडाला घाम फुटत नाही, नाहीतर मला त्या क्षणी फुटला असता. एक माणूस खाटेवर धुतलेला टॉवेल घेऊन पडला आहे, आणि याच्या यंत्रात त्याच्यासाठी आकडा नाही. मी नऊ वर्षं दोन टनांची गाडी थांबवत होतो. त्या दिवशी मला एक छत्री थांबवता येत नव्हती.

दुपारी आम्ही फर्न्ली रोडच्या तोंडाशी आलो. ट्रक तसाच पाठीशी. व्हर्नाने वाजवणं थांबवलं. तिने मला गाडीवरून उचललं. सात किलोंचा मी, तिचं वय सत्तरीपलीकडचं. मला काखेत घेऊन ती उलटी फिरली आणि ट्रकच्या दिशेने चालू लागली. लोखंड थांबलं तसा बँड थांबला. ट्रकच्या तोंडापासून चार पावलांवर तिने फळांचं एक रिकामं खोकं पालथं घातलं, त्यावर मला ठेवलं आणि स्वतः उभी राहिली. ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला.

चॅड वरून काहीतरी ओरडला. मग त्याने आवाज आणखी वाढवला.

व्हर्नाने तोंड उघडलं. तिचा आवाज दहा फुटांपलीकडे जाणं शक्य नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. पण पदपथावर तिच्या चर्चच्या पाच-सहा बायका मक्याची कणसं खात उभ्या होत्या, आणि तिने पास्टर ग्रीनिजच्या चालीत पहिली ओळ म्हटली.

"कोण पडलंय त्या खिडकीत?"

चर्चच्या बाईला ओळ टाकली की ती उचलल्याशिवाय तिला राहवतच नाही. कणसं खाली आली. "कोण पडलंय त्या खिडकीत?"

"माझा माणूस पडलाय!"

"तिचा माणूस पडलाय!"

आता पॅनवाल्या पोरींनी धरलं. त्यांच्या मागच्यांनी धरलं. आवाज ट्रकच्या दोन्ही अंगांनी पाण्यासारखा मागे सरकू लागला. ट्रकमागे सरबताच्या कंपनीचेच शेकडो नाचणारे लोक होते, मोरपिशी पंख लावलेले, चमचमत्या टोप्या घातलेले. जमैकाचे, पोर्तुगालचे, मोरोक्कोचे, पोलंडचे, इथलेच जन्मलेले. ट्रकच्या आवाजात त्यांना ओळ ऐकू येत नव्हती, ती या कानापासून त्या कानापर्यंत जात होती.

"त्याला काय ऐकायचंय?"

"त्याला लोखंड ऐकायचंय!"

"किती दिवस राहिलेत त्याचे?"

इथे व्हर्नाचा आवाज फाटला. पुढची ओळ तिला म्हणता येईना. पण सभेने प्रश्न उचलला होता आणि तो मागे मागे जातच राहिला. किती दिवस राहिलेत त्याचे? किती दिवस राहिलेत त्याचे?

तेव्हा मागून एक बाई पुढे आली. पाठीवर पितळी सांगाड्याचे आठ फुटी पंख. कपाळावर चमकी, पायांत फोड आलेले. काटिया तिचं नाव, हे मला नंतर कळलं. पोर्तुगीज, रुग्णालयात रात्रपाळी करणारी, ते पंख तिने सात महिने स्वतः शिवले होते. तिने ट्रकवर चॅडकडे बघितलं. छातीवरचा पट्टा सोडला. पंख उतरवले आणि ट्रकच्या पुढच्या चाकासमोर जमिनीवर अंथरले.

"आता चालव," ती ड्रायव्हरला म्हणाली. "चालव ना! यांच्यावरून चालव."

ड्रायव्हरने हात वर केले. दुसरी आली, तिने पंख उतरवले. तिसरा आला. थोड्या वेळात रस्त्यावर पिसांचा एवढा ढीग झाला की ट्रकचा पुढचा भाग दिसेना. ट्रकमागे नाचायला कुणी राहिलं नाही. चॅडची धडधड रिकाम्या रस्त्यावर आदळत होती. आवाज मोजणारा माणूस यंत्राकडे बघत होता आणि मला खात्री आहे, आकडा अजूनही मर्यादेच्या आतच असेल.

चॅडने आजूबाजूला बघितलं. मग त्याने हात पुढे करून आवाज बंद केला. टोपी मात्र काढली नाही. ते मी विसरलेलो नाही.

मित्रांनो, एवढ्या मोठ्या शहरात, एवढ्या लाखो माणसांत अशी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. कुठेतरी एक मूल रडत होतं, तेवढंच. पोरींनी मला उचलून पुन्हा गाडीवर ठेवलं आणि व्हर्नाने सळई घेतली. तिने मला मारलं. टंग-टका-टंग. दोन दिवसांचा सगळा संताप तिने माझ्यावर काढला, आणि मीही तो काढू दिला, कारण माझाही तोच होता. फिट्झरॉयने बँडला खूण केली, शंभर पॅन उठले आणि आम्ही खिडकीखाली आलो.

सगळ्यांच्या माना वर. टॉवेल नाही.

चालीची एक फेरी झाली. दुसरी झाली. टॉवेल नाही. व्हर्नाचे ओठ हलायला लागले, ती प्रार्थना म्हणत होती आणि सळई अधिकच जोरात मारत होती. पॅनवाल्या पोरी एकमेकींकडे बघेनाशा झाल्या.

तेवढ्यात खिडकी वर सरकली आणि यूलालीचं डोकं बाहेर आलं. तिचा चेहरा ओला होता. तिने दोन्ही हातांचा कर्णा केला.

"व्हर्ना! अगं व्हर्ना! तो म्हणतोय, पळतेयस! लोखंड लयीच्या पुढे पळतंय म्हणतोय! टॉवेल मिळणार नाही म्हणतोय, नीट वाजवेपर्यंत!"

मग हशाचा असा काही लोट उठला की पॅन बुडाले. फिट्झरॉय गाडीला धरून हसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. व्हर्नाने मान वर केली आणि एवढ्या लोकांसमोर ओरडली, "एक्कावन्न वर्षांत चूक काढायची सवय काही गेली नाही मेल्याची!"

पण तिने ऐकलं. तिने श्वास घेतला, डावा पाय रस्त्यावर टेकवला, तळघरात टेकवी तसा, आणि सावकाश सुरुवात केली. बँड तिच्यावर येऊन बसला. खिडकीतून टॉवेल बाहेर आला. आधी अर्धाच आला, मग पुरा आला, आणि आमची सगळी गल्ली पार होईपर्यंत हलत राहिला.

नोव्हेंबरात सिप्रियन गेला. पास्टर ग्रीनिज त्याच्यासाठी दीड तास गायले. त्या दिवशी मला चर्चमध्ये कुणी नेलं नाही, पण गाणं गल्लीत ऐकू येत होतं.

पुढच्या वर्षीच्या कागदावर फिट्झरॉयने रीत लिहायला सांगितली. कार्यालय म्हणालं, विचार करू. अजून विचार चालू आहे. सरबताच्या कंपनीने मात्र त्या पिसांच्या ढिगाचं छायाचित्र घेऊन मोठाले फलक लावले. खाली लिहिलं होतं, आम्ही परंपरेचा मान राखतो. तो फलक आमच्याच गल्लीच्या तोंडाशी लावला होता आणि व्हर्नाला रोज त्याच्याखालून दूध आणायला जावं लागे. मला राग का येतो, आता समजलं?

माझ्या कडेला आता एक बारीक तडा गेला आहे. थोड्याच दिवसांत मीही बद्द वाजेन. त्याचं मला काही वाटत नाही. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. उद्या तुमच्या हाती मोठा आवाज येईल, तुम्ही उंच ट्रकवर उभे असाल, आणि तुमचं यंत्र तुम्हाला सांगेल की सगळं मर्यादेच्या आत आहे. तेव्हा जरा वरच्या खिडक्यांकडे बघा. आणि माझा सिप्रियन आठवा, जो रविवारभर कान लावून पडला होता आणि ज्याला आम्ही निघालोच नाही असं वाटलं होतं.